डबल लेयर डिस्क निम्म्यावरच का बिघडते?

८.५ जीबीची डबल लेयर डीव्हीडी बर्न होताना बऱ्याचदा पन्नास टक्क्यांच्या आसपासच अडते. हा योगायोग नव्हे. पहिला थर आतून बाहेर लिहून झाला, की लेसरला फोकस बदलून दुसऱ्या थरावर जावे लागते आणि बाहेरून आत परतावे लागते. तेही अर्धपारदर्शक पहिल्या थरातून आरपार लिहीत! थकलेला ड्राइव्ह नेमका इथे मान टाकतो.

पहिला संशय मात्र कोऱ्या डिस्कवर घ्यावा. वेष्टनावरच्या नावापेक्षा ‘इमेजबर्न’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा मीडिया कोड अधिक खरे बोलतो. ‘एमकेएम’ने सुरू होणारा कोड मित्सुबिशीचा, व्हर्बेटिमच्या डबल लेयर डिस्कवर तो आढळतो. ड्राइव्हचा फर्मवेअर हा कोड वाचूनच लेसरची ताकद ठरवतो. कोड ओळखीचा नसेल, तर सगळा कारभार अंदाजपंचे. म्हणून फर्मवेअर अद्ययावत करणे हा फुकटातला उत्तम उपाय.

वेग कमी ठेवावा, पण अगदी तळाचाच हवा असे नाही. ८ एक्सची डिस्क ४ एक्सवर लिहून पाहावी. लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा ड्राइव्ह असेल, तर यूएसबीतून वीज पुरेशी मिळते का, हेही तपासावे.

बर्न यशस्वी, तरी टीव्हीजवळचा जुना प्लेअर डिस्क ओळखत नाही? डीव्हीडी प्लस आर डीएल वापरत असाल, तर लिहिण्यापूर्वी तिचा बुकटाइप, म्हणजे प्लेअरला डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद, ‘डीव्हीडी-रॉम’ करावा. बरेच ड्राइव्ह ही सोय देतात. डीव्हीडी मायनस आर डीएलला ती नाही.