चाक मोडलं तर कुठे जायचं?

अमेरिकेतल्या अपंगांच्या चळवळीचा इतिहास सांगणारे बहुधा कायद्यांपासून सुरुवात करतात. बर्कलीच्या ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ची हकीकत मात्र व्हीलचेअरच्या दुरुस्तीपासून सांगायला हवी.

कॅलिफोर्नियातल्या या विद्यापीठाच्या गावात १९६२ साली एड रॉबर्ट्स शिकायला आला. चौदाव्या वर्षी झालेल्या पोलिओनं मानेखालचं शरीर जवळपास निकामी झालेलं. रात्री झोपायचं ते ‘आयर्न लंग’मध्ये, म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करून श्वास चालू ठेवणाऱ्या लोखंडी पिंपात. ते आठशे पौंडांचं धूड वसतिगृहात कुठे ठेवणार? शेवटी विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्याची सोय झाली. त्याच्यामागून तसेच आणखी विद्यार्थी आले. मंडळी एकत्र राहू लागली, वाद घालू लागली आणि स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवू लागली (‘क्वाड’ म्हणजे हात-पाय निकामी झालेला माणूस).

त्यांच्या अडचणी अगदी रोजच्या होत्या. विजेवर चालणाऱ्या खुर्च्या घरातल्या गुळगुळीत जमिनीसाठी बनवलेल्या. ही पोरं त्या रस्त्यावर दामटायची, मग त्या मोडायच्या. खुर्ची बंद म्हणजे माणूस खाटेवर. शिवाय सकाळी उठवायला, आंघोळ घालायला मदतनीस हवा. १९७० साली विद्यापीठात सुरू झालेल्या अपंग विद्यार्थ्यांच्या उपक्रमानं नेमकी हीच कामं हाती घेतली : खुर्चीची दुरुस्ती, मदतनिसांची यादी, राहण्याजोग्या घरांचा शोध. गावातले लोकही मदत मागायला येऊ लागले, तेव्हा १९७२ साली हे सेंटर वेगळं उभं राहिलं, तेही एका दोन बेडरूमच्या बिऱ्हाडात.

इथला मदतनीस म्हणजे नर्स नव्हे. त्याला नेमायचं, काम समजावून सांगायचं, पटलं नाही तर काढून टाकायचं, हे सगळं अपंग माणसानंच करायचं. मला यातली खरी क्रांती हीच वाटते. संस्थेची सूत्रंही अपंगांच्याच हाती. पुढे अशा केंद्रांच्या संचालक मंडळात अपंगांचं बहुमत असलंच पाहिजे, अशी अटच सरकारी कायद्यात आली. आज अमेरिकेत अशी केंद्रं शेकड्यांनी आहेत. रॉबर्ट्सला ‘हा नोकरी करूच शकणार नाही’ म्हणून मदत नाकारू पाहणाऱ्या राज्याच्या पुनर्वसन खात्याचा तोच १९७५ साली प्रमुख झाला!

रोजच्या कामात बांधली गेलेली सेंटरची माणसं १९७७ मध्ये उपयोगी पडली. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं ‘कलम ५०४’ १९७३ सालीच मंजूर झालं होतं, पण ते अमलात आणणाऱ्या नियमावलीवर सरकारची सही होत नव्हती. ५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर लोक शिरले आणि तिथेच बसले. सेंटरच्या जूडी ह्यूमन आणि किटी कोन आघाडीवर होत्या. फोन तोडले गेले, तर कर्णबधिर आंदोलक खिडकीतून हातवाऱ्यांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवू लागले. जेवण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेचे लोक आणून देत. २८ एप्रिलला सही झाली.

आपल्याकडे व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकलींच्या वाटपाचे समारंभ होतात; हारतुरे असतात, फोटो छापून येतात. अशा कार्यक्रमाला देणगी देण्याआधी संयोजकांना दोन गोष्टी जरूर विचारा : सायकल मोडल्यावर ती दुरुस्त कोण करणार, आणि तुमच्या कार्यकारिणीत अपंग किती?