सिटिझन व्हायचंय? आधी तारखा मोजा!

मेसमध्ये जीआरईचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "पाच वर्षं अमेरिकेत काढली की झालो सिटिझन!" मित्रांनो, माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. त्याच्याकडून हा हिशोब समजून घेतला, तेव्हा कळलं की ही पाच वर्षं आपण धरतो तिथून सुरूच होत नाहीत.

मोजणी सुरू होते ती ग्रीन कार्ड मंजूर झाल्याच्या तारखेपासून. एमएसची दोन वर्षं, एच-१बी वरची आठ-दहा वर्षं, टॅक्स भरला, घर घेतलं, तरी खात्यात शून्य! त्यात ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्के, त्यामुळे नोकरीवरून अर्ज करणाऱ्या भारतीयांची रांग मारुतीच्या शेपटीसारखी लांबलेली. अमेरिकन नागरिकाशी लग्न करून एकत्र राहणाऱ्याला तीन वर्षं पुरतात. (हा सल्ला नव्हे, फक्त माहिती!)

खरी मेख मात्र अटेंडन्सची. पाच वर्षांपैकी निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हजर पाहिजे. शिवाय एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर सलग वास्तव्य तुटलं असं धरतात. तुटलेलं नाही हे आपण नोकरी-घराच्या कागदांनी सिद्ध करायचं. वर्ष ओलांडलं तर सहसा सगळंच मुसळ केरात. आमच्या काकांची बायपास झाली तेव्हा भाऊ आला, पण पाचवा महिना संपायच्या आत परत गेला. मावशी अजून म्हणते, "बापाचे टाके नाही, ह्यानं तारखा मोजल्या."

बाकी अटी तशा सोप्या. वय १८ पूर्ण, वर्तणूक चांगली (टॅक्स बुडवणं, अर्जात खोटं लिहिणं अंगाशी येतं), जुजबी इंग्रजी, आणि इतिहास-राज्यव्यवस्थेची तोंडी परीक्षा. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या छापील यादीतून २० विचारतात, १२ बरोबर आले की पास. प्रश्न आधीच माहीत असलेली व्हायवा आपल्याला कधी मिळायची?

शेवटी शपथ. आणि इथे आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा आडवा येतो. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड काढायचं. त्यावर गावी हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं, वारसाने आलेली शेतीही ठेवता येते. नवी शेती विकत घेता येत नाही, आणि मतदान तर नाहीच.