तळ्यातलं पाणी आकाशातून कसं मोजतात?



पावसाळा सरला की सोयगावकडच्या घराघरांत एकच प्रश्न : वेताळवाडीच्या धरणात, गावच्या तळ्यात पाणी किती आणि रब्बीला ते पुरेल का? काठावर उभं राहून केलेला अंदाज फसतो. इथे उपग्रहाची मदत होते.

१९७२ च्या दुष्काळात, जुलै महिन्यात, अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. त्या मालिकेची चित्रं आजही मिळतात. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रहही आहेत. दोन मिळून दर पाच दिवसांनी आपल्या शिवारावरून जातात. ही चित्रं फुकट मिळतात.

पाणी ओळखतात कसं? उन्हात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण असतात. हिरवं पीक ते परत फेकतं, पाणी गिळून टाकतं. म्हणून त्या चित्रात तळं काळं दिसतं. चित्र बारीक चौकटींचं असतं. सेंटिनेलची एक चौकट म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद जागा. अशा १०० चौकटी म्हणजे एक हेक्टर. पाण्याच्या चौकटी मोजल्या, की झालं पाण्याचं क्षेत्र.

मात्र ध्यानात ठेवा : उपग्रह पसारा दाखवतो, खोली नाही. तळ्यात गाळ भरला असेल तर पसारा तेवढाच, पाणी मात्र कमी. ढग आले की चित्र झाकलं जातं. डोंगराची सावली पाण्यासारखी दिसते, आणि पाणवनस्पती माजली तर पाणी असून दिसत नाही. म्हणून काठीला खुणा करून खोली आपणच मोजायची.

आता हिशेब बघा. एक हेक्टर पसारा आणि सरासरी एक मीटर खोली, म्हणजे एक कोटी लिटर पाणी. एका एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी दिली तर सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागतं. म्हणजे कागदावर ४० एकरांची एक पाळी. गव्हाला पाच पाळ्या धरल्या तर ८ एकर; हरभऱ्याला दोन धरल्या तर २० एकर. ऊन आणि झिरपा यांत जाणारं पाणी त्यातून वजा करा. माणसांचं नि जनावरांचं पिण्याचं पाणी तर आधीच बाजूला ठेवा.

ग्रामसभेत दरवर्षी ऑक्टोबरअखेरचं चित्र मागच्या वर्षांच्या त्याच सुमाराच्या चित्राशेजारी लावा. पसारा घटलेला दिसला, तर पेरणीआधीच सगळ्यांनी बसून पीक ठरवा. उभं पीक वाळल्यावर हिशेब करून काय उपयोग?