बाणाची काडी आणि झाडाचं नाव

हाताने बाण करायला निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं लाकूड सर्वांत चांगलं? त्यामागची समजूत अशी, की लाकूड जितकं टणक आणि जड, तितका बाण भारी. जुने बाण मात्र वेगळंच सांगतात. ‘मेरी रोझ’ ही इंग्लंडची युद्धनौका १५४५ मध्ये बुडाली आणि १९८२ मध्ये वर काढली गेली. तिच्यावरच्या हजारो बाणांपैकी बहुसंख्य पॉप्लरचे निघाले. आगपेटीच्या काड्या करतात ते हे मऊ, हलकं लाकूड. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या गोठलेल्या माणसाच्या भात्यात १४ बाण होते. त्यांच्या काड्या खोड चिरून काढलेल्या नव्हत्याच. ते व्हायबर्नम नावाच्या झुडपाचे सरळ फोक होते. आपल्याकडे तर शब्दच साक्षीला आहे. ‘शर’ म्हणजे बाण आणि ‘शर’ म्हणजे एक उंच, वेतासारखं गवतही. कौटिल्याने बाणांचे प्रकार सांगताना वेणू (म्हणजे बांबू) आणि शर हीच नावं आधी घेतली.

याचं कारण बाण सुटतो त्या क्षणात आहे. धनुष्याच्या मुठीच्या बाजूला टेकलेल्या काडीला मागून दोरीचा रेटा बसतो, पुढे फाळाचं वजन अडवतं, म्हणून ती वाकते आणि सळसळत मुठीला वळसा घालून जाते. काडी फार ताठ असली तर उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो, फार लवचीक असली तर उजवीकडे. म्हणजे ताठपणा धनुष्याच्या ओढीला जुळणारा हवा, जास्तीत जास्त नव्हे. तो मोजताही येतो: २६ इंच अंतराच्या दोन टेकूंवर काडी ठेवून मधोमध २ पौंड वजन टांगायचं आणि २६ ला तिच्या झोलाच्या इंचांनी भागायचं. अर्धा इंच झोल आला तर काडी साधारण ५२ पौंडी धनुष्याची. जाडीचा परिणाम इथे विलक्षण असतो. त्याच लाकडाची ८ मिलिमीटरची काडी ९ ची केली, तर ताठपणा सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. झाडाच्या नावापेक्षा रंधा जास्त बोलतो. यावर रॉजर ॲस्कमचं नाव पुढे केलं जाईल. मेरी रोझ बुडाली त्याच वर्षी छापलेल्या ‘टॉक्सोफिलस’ या धनुर्विद्येवरच्या पुस्तकात त्याने युद्धासाठी पॉप्लरपेक्षा ॲशचे बाण पसंत केले. पण त्याला हवा होता जड बाणाचा आघात. वजन ही वेगळी गरज. तिने ताठपणा जुळवण्याची अट सुटत नाही.

फोकाविषयीचा आक्षेप त्याच्या गाभ्यावर असतो: मध्ये भेंडासारखं मऊ, म्हणजे कमकुवत. गणित तसं म्हणत नाही. जाडीच्या मधल्या एक तृतीयांशाचा वाकण्याला होणारा विरोध एकूण विरोधाच्या जेमतेम ८१ वा हिस्सा असतो. भार बाहेरचे तंतू पेलतात, आणि फोकात ते बुडापासून शेंड्यापर्यंत अखंड असतात. बाजारातला गुळगुळीत गोल दांडा करवतीने कापलेला असतो. त्याच्या रेषा तिरक्या बाहेर पडत असतील तर तो तिथेच तिरका मोडतो आणि टोक हातात घुसू शकतं. फोक जन्मतः बाणासारखा सरळ असावा, हा हट्टही नको. वाकडेपणा निखाऱ्यावर शेकून, हाताने दाबून काढता येतो. गाठीपाशी पिळलेले तंतू मात्र कुणालाच सरळ करता येत नाहीत. म्हणून कमी गाठींचे, वर्षा-दोन वर्षांचे धुमारे झाडाची वाढ मंदावलेली असताना तोडावेत, सालीसकट जुडी बांधून महिनोन् महिने सावलीत वाळवावेत आणि जाड टोक फाळाकडे ठेवावं. जमिनीवर पडलेली वाळकी काटकी आयती मिळते खरी, पण तिला आत बुरशीने पोखरलेलं असू शकतं. प्रत्येक वेळी बाण लावण्याआधी काडी हलकेच वाकवून पाहा. केसाएवढी चीर दिसली, तरी ती चुलीत घाला.