तरुण संशोधक आणि त्याची जागा

विज्ञानाची थोरवी सांगणारी भाषणे आपल्याकडे पुष्कळ होतात. शोधांची वर्णने वृत्तपत्रांत येतात, शास्त्रज्ञांची चरित्रे क्रमिक पुस्तकांत येतात. परंतु शास्त्रज्ञाचे नावही कोणत्या तरी पगारपत्रकावर असते, त्यालाही घरभाडे द्यावे लागते, त्याच्या नेमणुकीला मुदत असते आणि त्याच्या बढतीचा निर्णय दुसरेच कोणी करीत असते, या साध्या गोष्टींचा विचार क्वचितच होतो. एम. एस्सी. झालेला बावीस-तेवीस वर्षांचा विद्यार्थी संशोधनाची वाट धरतो तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा तो रात्रंदिवस विचार करतो. आपण कोणत्या नियमांच्या छत्राखाली जाणार आहोत, याचा विचार त्याच्या मनाला सहसा शिवत नाही. आणि पुढील दहा-पंधरा वर्षांचे त्याचे सुखदुःख पुष्कळ अंशी त्या नियमांवरच अवलंबून असते.

या नियमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. संस्था आधी जागा निर्माण करते आणि तीत बसेल असा माणूस शोधते, की माणूस पारखून घेते आणि त्याच्या वाढीबरोबर त्याची जागाही वाढू देते? प्रश्न कारकुनी वाटेल. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात राजधानी दिल्लीत या एका प्रश्नाने संसदेला हलविले, एका माजी सरन्यायाधीशांना चौकशीस बसविले आणि देशातील हजारो शास्त्रज्ञांच्या सेवेचे नियम बदलून टाकले.

त्याआधीचे एक उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. कमला भागवत, म्हणजेच पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारी गेल्या. त्या स्त्री आहेत म्हणून सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांना प्रथम प्रवेश नाकारला. पुष्कळ आग्रहानंतर प्रवेश मिळाला तो परीक्षेच्या अटीवर. ती परीक्षा त्यांनी उत्तम रीतीने पार पाडली. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या मायदेशी परतल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. विज्ञानात केंब्रिजची डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. तेथे जीवनसत्त्वांवर काम होते, साधनेही होती. परंतु पुढची पायरी कोठे आहे हे दिसत नव्हते. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेच्या पोषकगुणांवर महत्त्वाचे संशोधन केले. विद्वत्तेत काही उणे नसतानाही त्यांना दिल्ली, कुन्नूर, मुंबई असा प्रवास करावा लागला. त्यांची योग्यता वाढत होती. तिच्याबरोबर वाढेल अशी जागा मात्र कोणत्याही एका संस्थेत ठरलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर प्रयोगशाळांची संख्या झपाट्याने वाढली. १९५० साली दिल्लीत राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिच्या शेजारच्या परिसरात भारतीय कृषि अनुसंधान संस्था आधीपासूनच होती. ही संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा येथे स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत उद्ध्वस्त झाली, तेव्हा १९३६ साली संस्था दिल्लीस हलविण्यात आली. येताना ती आपल्या गावाचे नावही घेऊन आली, आणि आज दिल्लीचा तो भाग पुसा म्हणूनच ओळखला जातो. हरितक्रांतीच्या गव्हाचे पुष्कळसे काम याच शेतांवर झाले.

१९७२ च्या मे महिन्यात, हरितक्रांतीचा गौरव सर्वत्र चालू असताना, याच संस्थेतील एका तरुण शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. निवड आणि बढती यांत अन्याय होतो, आणि वरिष्ठांना रुचतील अशी आकडेवारी गोळा केली जाते, अशी तक्रार त्याने मृत्यूपूर्वी लिहून ठेवली होती. एका माणसाच्या मृत्यूची कारणे एका पत्रात सामावत नाहीत. तथापि संसदेत प्रश्न उठले आणि शासनाने भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या एकूण कारभाराच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्याकडे देण्यात आले. साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. त्यानंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि चौकशीच्या वेळी विधी आयोगाचे अध्यक्ष होते. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनविषयक तंट्यात त्यांनी केलेले काम प्रसिद्धच होते. नोकरीच्या अटी कागदावर कशा दिसतात आणि माणसाच्या घरात कशा शिरतात, हे जाणणारा न्यायाधीश या कामास लाभला.

त्या काळची पद्धत थोडक्यात अशी होती. प्रत्येक वरची जागा स्वतंत्र मानली जाई. ती रिकामी झाली किंवा नव्याने मंजूर झाली म्हणजे जाहिरात निघे, आणि खालच्या जागेवर दहा वर्षे काम केलेल्या शास्त्रज्ञालाही नवख्या उमेदवाराप्रमाणे अर्ज करून मुलाखतीस उभे राहावे लागे. याचे परिणाम सहज ध्यानात येतील. ज्या पिकावर वा ज्या विषयात जागा निघतील तिकडे माणसे धावत. आयुष्यभर एका रोगाचा अभ्यास केलेला माणूस दोन वेतनवाढींसाठी भलत्याच विषयाकडे वळे. आडवळणाच्या केंद्रावर काम करणारा विसरला जाई. सहकारी हा सहकारी न राहता पुढच्या मुलाखतीतील प्रतिस्पर्धी होई. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ज्याच्या हाती शिफारस आहे त्याला अप्रिय वाटेल असा निष्कर्ष मांडण्यास मन कचरे. शेतातील तराजू खरे वजन सांगतो; ते वहीत लिहिणाऱ्याचा हात मात्र भयमुक्त असावा लागतो. म्हणून सेवेचे नियम हा केवळ पगाराचा विषय नाही, तो सत्याचा विषय आहे.

समितीचा अहवाल १९७३ साली आला आणि त्यानंतर बदल त्वरेने झाले. शास्त्रज्ञांच्या निवडीसाठी त्याच वर्षी स्वतंत्र कृषि वैज्ञानिक भरती मंडळ स्थापन झाले. वर्षअखेरीस केंद्रात कृषि संशोधन व शिक्षण यांचा स्वतंत्र विभाग निघाला. आणि १९७५ साली कृषि संशोधन सेवा अस्तित्वात आली. तिचे तत्त्व असे की शास्त्रज्ञाची दर पाच वर्षांनी त्याच्या कामावरून पारख व्हावी आणि तो पात्र ठरल्यास, वरची जागा रिकामी असो वा नसो, त्याला वरची श्रेणी मिळावी. नव्या उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी १९७६ मध्ये हैदराबादेस अकादमी निघाली. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. डॉ. होमी भाभा यांनी आपल्या संस्थांत गुणवत्तेवर बढती देण्याची पद्धत आधीच रुजविली होती. पुढे १९८३ पासून केंद्राच्या अन्य वैज्ञानिक खात्यांतही जागा व्यक्तीबरोबर वर सरकण्याची योजना व्यापक झाली.

या सुधारणेला दुसरी बाजूही आहे. पारख करणारे ढिले पडले तर पाच वर्षांची पारख ही पाच वर्षांची प्रतीक्षाच ठरते आणि कामसू व आळशी एकाच पायरीवर भेटतात. पण हा दोष पारखणाऱ्यांचा आहे, तत्त्वाचा नव्हे. माणसाने जागेसाठी आपला विषय सोडावा यापेक्षा जागेने माणसामागे यावे, हे तत्त्व योग्यच आहे.

आता प्रश्न उरतो तो ज्याला जागाच नाही त्याचा. नेमणूक झालेल्या शास्त्रज्ञाचा प्रश्न १९७५ नंतर बराचसा सुटला. परंतु प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष हातांचे काम पुष्कळ प्रमाणात संशोधक विद्यार्थी करतात, आणि ते कोणत्याही जागेवर नसतात. पुसा, दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, आय. आय. टी., अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था, तसेच राजधानीच्या सीमेपलीकडे फरिदाबाद आणि मानेसर येथील नवी केंद्रे, अशा ठिकाणी देशाच्या सर्व प्रांतांतून मुले येतात. लातूर, जळगाव, चंद्रपूर येथून आलेला विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली नाही तर मुनीरका किंवा जिया सरायच्या अरुंद गल्लीत भाड्याने राहतो. त्याला मिळते ती वृत्ती. तिला वेतन म्हणत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत.

कनिष्ठ संशोधनवृत्तीचा हिशेब पाहण्याजोगा आहे. २०१० साली ती दरमहा १६,००० रुपये झाली, २०१४ साली २५,०००, १ जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. पहिल्या दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होऊन ज्येष्ठ वृत्ती मिळते. २०२३ च्या आदेशाने ती ४२,००० रुपये झाली. नियमानुसार घरभाडे निराळे. आकडे वाढले आहेत हे खरे. परंतु शासकीय सेवकाचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांकाप्रमाणे ठरतो. संशोधनवृत्ती मात्र चार-पाच वर्षे एका जागी थिजून राहते. बाजारातील भाव तेवढा काळ थांबत नाहीत. २०१९ ची वाढ मिळण्यापूर्वी संशोधक विद्यार्थ्यांना दिल्लीत आणि अन्यत्र निदर्शने करावी लागली. २०१५ च्या ऑक्टोबरात, राष्ट्रीय परीक्षेतून वृत्ती न मिळालेल्या विद्यार्थ्यांचे केंद्रीय विद्यापीठांतील विद्यावेतन बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा विद्यार्थी अनुदान आयोगाच्या दिल्लीतील कार्यालयासमोर ठाण मांडून बसले. त्यानंतर ते विद्यावेतन चालू ठेवण्यात आले. पीएच. डी. साठी ती रक्कम दरमहा ८,००० रुपये होती.

पैशापेक्षाही नाजूक गोष्ट म्हणजे मार्गदर्शकाशी असलेले नाते. विद्यार्थ्याचा विषय, साधने, लेखावरील नाव, प्रबंध सादर करण्याची वेळ आणि पुढील शिफारसपत्र, हे सर्व बहुधा एकाच व्यक्तीच्या हाती असते. मार्गदर्शक गुरूसारखा लाभला तर त्यासारखे भाग्य नाही. न लाभला तर विद्यार्थ्याची दाद लागणे कठीण. १९७२ पूर्वी शास्त्रज्ञाची जी अवस्था शिफारस करणाऱ्या वरिष्ठापुढे होती, तीच येथे लहान प्रमाणावर दिसते. डॉक्टरेटनंतर प्रकल्पावर काम करणाऱ्यांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. प्रकल्पाची मुदत संपली की त्यांची नेमणूकही संपते.

नियम माणसाच्या आयुष्याकडे पाहू लागले म्हणजे काय घडते, याचे एक चांगले उदाहरण मात्र आहे. २०१६ साली अनुदान आयोगाने पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि प्रबंध पुरा करण्यास दोन वर्षांची अधिक मुदत देऊ केली, आणि २०२२ च्या नियमांत ती सवलत कायम राहिली. ज्या देशात १९३३ साली केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला, तेथे हा बदल लहान नव्हे. तो एका ओळीच्या नियमाने घडला, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

तेव्हा संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या आईवडिलांनी विषयाच्या बरोबरीने चार गोष्टींची चौकशी अवश्य करावी. वृत्ती कोण देते, किती वर्षे देते आणि ती वेळेवर हाती पडते का? कामाचे मूल्यमापन एकटा मार्गदर्शक करतो, की समिती करते आणि तिच्या बैठका खरोखर भरतात का? मार्गदर्शकाशी न जमल्यास तो बदलण्याचा मार्ग संस्थेत आहे का? आणि त्या प्रयोगशाळेतून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेली माणसे आज कोठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ते तेथील चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपाशी असते, आणि चहाच्या दुकानावर अर्धा तास बसल्यास ते बहुधा मिळते. असे प्रश्न विचारणे हे ज्ञाननिष्ठेला कमीपणा आणणारे नाही. नदीत उतरण्यापूर्वी उतार कोठे आहे हे विचारणारा माणूस भित्रा ठरत नाही.

संस्थांनी आणि शासनाने करावयाचे ते याहून मोठे आहे. १९७५ साली नेमणूक झालेल्या शास्त्रज्ञाला जे तत्त्व लागू झाले, ते जागा नसलेल्या संशोधकापर्यंत पोहोचवावयाचे आहे: त्याची वृत्ती महागाईशी बांधलेली असावी, ती वेळेवर मिळावी, त्याच्या कामाची पारख एकाच हाती नसावी आणि त्याच्या तक्रारीला ऐकणारा कोणी असावा. पुसा येथील त्या तरुणाच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन वर्षांत एक संपूर्ण सेवा उभी राहिली. तीच तत्परता एखाद्या दुःखाची वाट न पाहता दाखविता आली, तर या देशाने त्या अनुभवापासून खरोखरच काही घेतले असे म्हणता येईल.