रात्रीचं संप्रेरक आणि पांढऱ्या पेशींची वाट

1958 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ आरोन लर्नर यांनी गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळं काढलं. अंधारात वाढणारं हे संप्रेरक झोपेशीच जोडलं गेलं.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या संशोधकांनी मात्र उंदरांच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या. पांढऱ्या पेशी आधी भिंतीलगत घरंगळतात, मग चिकटतात आणि फटीतून ऊतीत शिरतात. दाह सुरू होतो तो असा. मेलाटोनिनमुळे घरंगळणं, चिकटणं दोन्ही कमी झालं.

याहून विलक्षण गोष्ट बाळंतिणींची. स्तनदाह झालेल्या मातांमध्ये रात्रीचं मेलाटोनिन दबलेलं आढळलं. लढाईच्या वेळी शरीर हा लगाम सैल करतं आणि पेशींना वाट मोकळी करून देतं, असं संशोधक मानतात.

म्हणूनच मेलाटोनिनची गोळी दाहावरचं सरसकट औषध नव्हे. आमवातात तर मेलाटोनिन दाहाला खतपाणी घालत असावं, अशी शंका आहे.