रोह्याचा कातळ, रियुनियनचा अग्नी

हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागृत आहे. पेण-रोह्याचा भूशास्त्राचा विद्यार्थी तेथे क्षेत्र-अभ्यासास गेला, तर त्याला आपल्याच काळ्या कातळाचे मूळ भेटेल. भारतभूमी त्या तप्त स्थानावरून उत्तरेस सरकत असता, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि त्यांतूनच पुढे सह्याद्री कोरला गेला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

अभ्यासासाठी हातोडा चालवावाच लागतो. परंतु जैन दर्शन पृथ्वीकायातही जीव मानते. म्हणून श्रावककुळातील विद्यार्थ्याने नमुना गरजेपुरताच घ्यावा. हौसेखातर एकही दगड फोडू नये. निष्प्रयोजन हिंसेचा त्याग हेच अनर्थदंड-विरमण व्रत. ज्ञान मिळविताना यतना सुटू नये.